डिक्कीवरचं चक्र

गाड्यांना रबिंग-पॉलिश करायचं काम म्या लय वर्षं केलं. भुशी धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला गॅरेज व्हतं, तितं मशीन माझ्याच हातात. पण एक लाल गाडी आठवली, की आजबी टाळकं सरकतं.

गाडी जुनी घेतलेली. आदीच्या मालकानं डिक्कीवर धम्मचक्राचं स्टिकर लावलं व्हतं, ते नव्या मालकानं उपटून काढलं. पण स्टिकर निघालं तरी चक्र काय निघंना! उन्हानं बाकीचा रंग पांढुरका पडलेला, आन् स्टिकरखालचा जसाच्या तसा लालभडक. एकेक आरा मोजून घ्या.

"याचा मागमूस राहता कामा नये," गिऱ्हाईक म्हणालं. "आधी कुणाची होती, ते चारचौघांना कशाला दाखवायचं? एकदम स्वच्छ करा."

स्वच्छ! म्हंजी चक्र घाण व्हय? आज्यानं दीक्षा घेतली तवापास्नं तेच चक्र आमच्या दारावर हाय. गॅरेजच्या मालकाला हे चांगलं ठावं. माझ्या घरी पोटभर जेवलेला माणूस. त्याच्याकडं बघितलं, तर गडी पाने चाचपत बसला! मंग मला बाजूला घेऊन म्हणतो, "मनावर घेऊ नको गड्या. न्हाई जमत, तर उद्यापास्नं येऊ नको."

वा रं पठ्ठ्या! मनावर न्हाई, तर कुटं घेऊ?

घरी दोन पोरी शिकत व्हत्या. मशीन उचललं. पण माझ्या हातानं ते पुसायचं? हातच चालंना. नुसता बघत उभा राहिलो, तवा ध्यानात आलं, आरं, खराब तर भवतालचा रंग झालाय. चक्राचा कुटं झालाय?

मंग दुपारपातूर मशीन फिरवलं. मेलेला रंग पॅडला चिकटून निघत राहिला, आन् डिक्की लखलखली. चक्र येगळं दिसंना. गिऱ्हाईक खूश. डिक्कीवर हात फिरवत म्हणतं, "बघा, गेली की नाही घाण!"

मला ऱ्हावलं न्हाई.

"गेली साहेब. पण ती चक्राची न्हवती, भवतालची व्हती. चक्राखालचाच रंग तेवढा चांगला ऱ्हायलावता. ते कुटं गेलं न्हाई. तुमची सगळी डिक्की म्या त्याच्या रंगाची केलीया."

त्यानं झटक्यात हात मागं घेतला.

मालक खेकसला, "उद्यापास्नं येऊ नको!"

"उद्याचं कशाला सांगता?" मी म्हणालो. "ह्यो निघालो."