सव्वासात इंच दुखणं

अप्पांचा कॅन्सर यकृतात पसरला तेव्हा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आता केमो नको. पॅलिएटिव्ह केअरची, दुखणं कमी करणारी टीम घरी बोलवा." सरस्वतीपुरमच्या आमच्या घरी परत येऊन मी ते मोठ्या काकांना सांगितलं, ही माझी चूक.

"अय्यो, ते लोक शेवटालाच येतात ग," काका म्हणाले. "आपण होऊन कशाला बोलवायचं? आणि तुझ्या बापाला कळलं तर?"

अप्पांना आम्ही पहिल्यापासून लिव्हरला सूज आहे असंच सांगितलं होतं. ती उतरायला किती महिने लागतात हे त्यांनी कधी विचारलं नाही, मीही विषय काढला नाही. पण दुखणं कुणाचं ऐकतंय! जन्मभर मशीनवर वाकून ब्लाउज शिवलेल्या माणसाला आता पाठ टेकता येत नव्हती. दोन उशा पोटाशी धरून बसल्या बसल्या डुलक्या काढायचे. त्यांनी एकदा आडवं होऊन झोपावं, एवढंच मला हवं होतं. काका गेले खड्ड्यात.

मग मी थाप मारायची ठरवली. शिंप्याच्या घरी बायका माप द्यायला येतात, त्यात कुणाला नवल वाटणार? टीमच्या नर्सबाईंना मी फोनवर सांगितलं, "तुम्ही गिऱ्हाईक म्हणून या." त्या म्हणाल्या, "त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण ब्लाउज मला खरंच शिवायचाय."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. पिशवीत बीपीचं मशीन आणि त्यावर घडी केलेलं हिरवं ब्लाउजपीस. अप्पांनी टेप गळ्यात अडकवली आणि चेहराच बदलला त्यांचा. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून विचारत होत्या, "नोवु एष्टु, अज्जा? दुखणं किती? शून्य ते दहामध्ये सांगा."

"सव्वासात," अप्पा म्हणाले, आणि त्याच दमात, "खांदा साडेचौदा."

मी वहीत दोन्ही लिहिलं. खांदा साडेचौदा, दुखणं सव्वासात, बाही दहा. मग गिऱ्हाइकानं शिंप्याचा बीपी घेतला, पोट चाचपलं, पायांची सूज पाहिली. काका दारात उभे राहून हे सगळं बघत होते. "फार माया आहे हो या बाईंना," असं म्हणून त्यांनी आपलाही हात बीपीसाठी पुढे केला.

स्वयंपाकघरात नर्सबाईंनी मला नीट समजावलं. त्यांच्या डॉक्टरांनी हॉस्पिटलचे कागद बघून मॉर्फिन लिहून दिलं होतं. गोळी घड्याळ बघून द्यायची, दुखायची वाट बघायची नाही. पोट साफ व्हायचं औषध सोबत रोज. कधीही फोन करा. "यानं मरण लवकर येत नाही," त्या म्हणाल्या, "आहेत ते दिवस त्यांचे त्यांना मिळतात."

तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पा आडवे झाले आणि चक्क घोरायला लागले. मी ओट्याला टेकून मनसोक्त रडले. काका म्हणाले, "बघ, सूज उतरतेय."

पुढच्या आठवड्यात टीमच्या डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनाही माप द्यावं लागलं. मागोमाग समुपदेशक बाई आल्या. त्यांनी मनमोकळं बोलायचा फार प्रयत्न केला, अप्पा गळा चौकोनी हवा की गोल यावरच अडून बसले. एवढी गिऱ्हाइकं बघून गल्लीतल्या बायकाही कापडं घेऊन हजर झाल्या. गौरीच्या सणाआधी असते तशी गर्दी! अप्पा दिवसातून तासभर कापायचे, काका इस्त्री मारायचे, आणि मी दुखण्याचे आकडे लिहायचे. पाच. साडेतीन. पावणेदोन.

एका दुपारी कॉफी घेऊन खोलीपाशी आले तर आतून अप्पांचा दबका आवाज आला. नर्सबाईंना कानडीत विचारत होते, "सरळ सांगा अम्मा. किती दिवस?"

"दिवस नाही सांगता येत. काही आठवडे असतील," त्या म्हणाल्या.

"शेवटी दुखेल?"

"दुखलं तर औषध वाढवू. मी येईन."

मग अप्पा म्हणाले, "माझ्या पोरीला यातलं काही कळू देऊ नका. तिला वाटतंय तुम्ही गिऱ्हाईक आहात. तिच्यानं सोसवणार नाही."

मला हसू आलं. मी आत जाऊन कॉफी टेबलावर ठेवली. "मला माहीत आहे, अप्पा. पहिल्या दिवसापासून."

ते माझ्याकडे बघतच राहिले. रागावले असावेत असं वाटलं. नर्सबाई आपली पिशवी उचलून हळूच बाहेर गेल्या. मग अप्पांनी पलंगावरची कापडं बाजूला सारून जागा केली.

"बा, ये इकडे," ते म्हणाले. "सुम्ने, अशीच बस जरा. सहा महिने झाले, त्या सुजेशिवाय आपण दुसरं काही बोललोच नाही."