सहादूची दोन खोकी

२२ नोव्हेंबर १९८१, रविवार. एकशे पंच्याऐंशी रुपये. शहरातल्या द्वारका चौकाजवळचे एक हॉटेल बंद झाले. त्याच्या गल्ल्यामागे टांगलेली स्पीकरची दोन लाकडी खोकी सहादूने एवढ्या किमतीला घेतली आणि भाजीच्या रिकाम्या टेम्पोतून मखमलाबादला घरी आणली.

सहादू आमच्या आडतीवर भाजीचा लिलाव पुकारायचा. मी त्याच आडतीवर हिशेब लिहितो, पुढच्या मार्चला मोकळा होईन. तो ओट्यावर उभा राहून भाव पुकारणार, मी खाली बसून लिहिणार, असा आमचा अठरा वर्षांचा शेजार होता. माणूस उंच, आवाज खणखणीत. चेष्टा करत करत भाव चढवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एखादा व्यापारी गप्प राहिला की म्हणायचा, "शेठ, घरून विचारून आला न्हाई का?" तो शेठ हसत चार आणे वाढवायचा.

त्या पावसाळ्यात मात्र बिघडले. मागच्या रांगेतून कोणी जास्त भाव दिला तो सहादूला ऐकू गेला नाही आणि त्याने कोथिंबीर कमी भावाने सोडली. शेतकरी भांडायला आला. पंधरा दिवसांनी टोमॅटोच्या वेळी पुन्हा तेच झाले. आडतीचे मालक त्याला काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "दिवाळी होऊ द्या, मग वजनकाट्यावरच्या त्या केरूला पुकारायला उभा करून बघू." ते सहादूच्या कानावर गेलेच.

शनिवारी बाजार आटोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला.

"दिवाणजी, कान गेले माझे."

"डॉक्टरला दाखवलंत का?"

"दाखवलं की साऱ्या बाजाराला. तुम्ही उद्या घरी या. मेव्हण्यानं रेकॉर्ड प्लेअर दिलाय, त्याला मोठी खोकी जोडतो. तुम्ही ऐका, मी बी ऐकतो. तुम्हाला येतंय आन् मला नाय, असं झालं तर सोमवारी मी होऊन केरूला ओट्यावर उभा करतो. कुणी हाताला धरून उतरवायला नको."

मी मेनरोडवरून वायर घेऊन दुपारी पोचलो. खोकी ओटीवर होती. सहादूची बायको नवसाबाई त्यांची पूजा करून नुकतीच उठली होती. घरात नवी वस्तू आली की तिला हळदकुंकू लागायचेच. शिलाई मशीन असो की विहिरीवरची मोटर, तिच्या हातून कोणी सुटले नव्हते. खोक्यांना तोंड कुठले आणि पाठ कुठली हे न कळल्यामुळे तिने पुढे-मागे दोन्हीकडे, मागच्या पितळी स्क्रूंवरसुद्धा, ओल्या कुंकवाची बोटे उमटवली होती.

सहादू म्हणाला, "या खोक्यांना निराळी वीज लागत नाय, दिवाणजी. प्लेअरमधला ॲम्प्लिफायर देईल तेवढंच बोलायचं. घरजावई हायेत."

"मग तुमच्यापेक्षा बरे," नवसाबाई आतून म्हणाली. "तुम्ही न देताच बोलता."

हॉटेलवाल्याने सांगितले होते, लालला लाल, काळ्याला काळी. आम्हाला चारही स्क्रू लालच दिसले. तेव्हा कुठेही लावा, असा अर्थ काढून आम्ही वायरी आवळल्या. जागा नव्हती म्हणून दोन्ही खोकी लोखंडी ट्रंकेवर एकमेकांना चिकटून ठेवली. सहादूने भजनाची स्टिरिओ तबकडी लावली आणि समोर मांडी घालून बसला.

टाळ वाजले, पेटी वाजली. गाणाऱ्याचा आवाज मात्र खोल विहिरीतून यावा तसा आला, आणि तोही मध्येच नाहीसा होई.

सहादूने माझ्याकडे पाहिले. "तुम्हाला येतंय?"

"बारीक आहे, पण येतंय."

"येतंय की चांगलं!" नवसाबाई म्हणाली. तिने ते त्याला बरे वाटावे म्हणून म्हटले, आणि नेमका त्यानेच घाव बसला. सहादू उठला, अंगणात गेला आणि आमच्याकडे पाठ करून बाजेवर बसला. तबकडी तशीच फिरत होती.

नवसाबाईला रिकामे बसवत नाही. तिने केरसुणी घेतली. खोक्यांमागचा कचरा निघेना म्हणून उजवीकडचे खोके उचलून बाजूला केले. वायर ताणली गेली आणि निसटली. ते खोके गप्प झाले आणि त्याच क्षणी डावीकडच्या एकट्या खोक्यातून गाणाऱ्याचा भरदार आवाज ओटीभर घुमला.

अंगणातून सहादू ओरडला, "आला! आला की! काय केलंत?"

"मी कचरा काढला," नवसाबाई घाबरून म्हणाली.

दोन खोक्यांत न मावलेला आवाज एका खोक्यात कसा मावतो, हे माझ्या हिशेबात बसेना. मी निसटलेली वायर पुन्हा लावली. आवाज विहिरीत गेला. काढली, वर आला. मग मी रुमालाने स्क्रूंवरचे कुंकू पुसले. दोन्ही खोक्यांना एकेका स्क्रूखाली बारीक लाल ठिपका होता. डावीकडची वायर बरोबर लागली होती, उजवीकडची उलटी. एक खोके हवा पुढे ढकलत होते तेव्हा दुसरे मागे ओढत होते, म्हणून दोन्हींत सारखा असलेला गाणाऱ्याचा आवाज एकमेकांत जिरत होता. मी उजवीकडच्या वायरी बदलल्या. आता दोन्ही खोक्यांच्या मधोमध गाणारा जणू येऊन बसला.

सहादू बाजेवरून विहिरीपर्यंत गेला, तिथून आंब्यापर्यंत. आंब्याखालून त्याने भजनाचा प्रत्येक शब्द ओरडून परत म्हटला. एकही चुकला नाही. परत आला तो डोळे पुसत.

"मग घरात आलेल्या वस्तूला कुंकू लावायचं नाय का?" नवसाबाईने विचारले.

"लाव. फक्त तोंडाला लाव," सहादू म्हणाला, आणि दोघेही हसत सुटले.

मग बाजारात काय झाले होते? चहा घेताना आम्ही तेही सोडवले. त्या पावसाळ्यात बाजारात घातलेल्या नव्या पत्र्याखाली ट्रक इंजिन चालू ठेवून उभे राहत आणि सहादूचा ओटा नेमका त्यांच्या शेजारी होता. पहिला भाव तिथे बुडाला. त्यानंतर ऐकू येत नाही हे कोणाला कळू नये, म्हणून तो घाईने एक-दोन-तीन म्हणून सौदा संपवायचा. दुसरा भाव त्या घाईत गेला.

सोमवारी तो ओट्याच्या पलीकडच्या टोकाला उभा राहिला आणि मागची रांग पुन्हा पुन्हा बोलती करून मगच तीन म्हणाला. मालकांनी केरूचे नाव पुन्हा काढले नाही. सहादू गेल्या वर्षीपर्यंत पुकारत होता. खोकी अजून वाजतात.

त्या दिवशीच्या वायरीचे सहा रुपये चाळीस पैसे मी दिले होते. ते सहादूकडून येणे आहेत.