आठांपैकी पाच

समजा, तुम्ही परीक्षेच्या बाकावर बसला आहात. नशिबाने पंख्याखालची जागा मिळाली आहे, पेन नवं आहे आणि पुढ्यात बारावीच्या अर्थशास्त्राची प्रश्नपत्रिका आहे. एका भागाच्या वर लिहिलंय, 'खालीलपैकी कोणतेही पाच प्रश्न सोडवा.' खाली प्रश्न आहेत आठ. तुम्ही काय कराल? येतात ते पाच निवडाल, तीन सोडून द्याल आणि पुढच्या भागाकडे वळाल. यात अवघड ते काय?

गोपिका चरडेला मात्र हे एवढंसं जमायला साडेचार वर्षं लागली.

गोपिका काटोलजवळच्या एका खेड्यातली. अकरावी झाली आणि लग्न झालं, त्यामुळे बारावी राहिली ती राहिलीच. नागपुरात आल्यावर ती गांधीबागेतल्या गिरिधरशेठच्या साड्यांच्या दुकानात कामाला लागली आणि पंधरा वर्षांत तिथली सगळ्यात भरवशाची सेल्सवुमन झाली. तिशी उलटल्यावर तिला कोणीतरी मुक्त विद्यालयाबद्दल सांगितलं. तिथे वयाची आडकाठी नाही, रोज वर्गात जाऊन बसायचं नाही. पाच विषय आपले आपण निवडायचे आणि पाचही एकदम द्यायची सक्ती नाही. एक विषय सुटला की तो तुमच्या नावावर जमा, पुढच्या खेपेला राहिलेल्यांचं बघायचं. दुकान आणि घर सांभाळून शिकणाऱ्या बाईला यापेक्षा वेगळं काय हवं?

फक्त एका नोंदणीची मुदत पाच वर्षांची.

हिंदी सुटली. गृहविज्ञान सुटलं. समाजशास्त्र आणि कॉम्प्युटरचा विषयही सुटला. अर्थशास्त्रात मात्र गोपिका तीनदा नापास झाली, आणि तेच तिला सगळ्यात जास्त आवडायचं! मागणी, पुरवठा, बाजार, गिऱ्हाईक, हे तर ती रोज डोळ्यांनी बघत होती. पुस्तकातला धडा वाचताना ती नवऱ्याला, सुशीलला, उठवून सांगायची, "पाहा, हे आपल्या दुकानातलंच लिहून ठेवलंय." सुशील म्हणायचा, "मंग नापास काहून होतेस वं?" ती पुन्हा पुस्तकात डोकं घालायची.

आता शेवटची खेप उरली होती. पुन्हा नोंदणी, पुन्हा फी, पुन्हा तीच धावपळ करायचं बळ आपल्यात उरलेलं नाही, हे तिला ठाऊक होतं. त्यातच गिरिधरशेठ दसऱ्याला मनीषनगरात नवीन शोरूम उघडणार होते. वरच्या मजल्याची प्रमुख म्हणून त्यांच्या मनात गोपिकाच होती. पण नव्या दुकानात बारावीच्या खालचं माणूस प्रमुख नेमायचं नाही, असं त्यांच्या मुलाने ठरवून टाकलं होतं. शेठ म्हणाले, "जूनपर्यंत वाट पाहतो गोपिका. पुढचं माझ्या हातात नाही."

फेब्रुवारीत अभ्यास केंद्रावरच्या श्वेता मॅडमनी तिच्याकडून सरावाचा पेपर लिहून घेतला. मॅडम तिच्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या, पण तपासायला बसल्या की कडक. त्यांनी एकदा पेपरकडे पाहिलं, एकदा गोपिकाकडे.

"ताई, हे काय केलंत?"

"चुकलं का मॅडम?"

"चुकलं काहीच नाही. पण तुम्ही आठही प्रश्न लिहिलेत!"

"हो ना. आठ विचारले होते."

"विचारले आठ, लिहायचे पाच. वर लिहिलंय ना."

"वाचलं मी ते. पण समोरच्यानं विचारलं अन् आपण गप्प बसलो, ते बरं दिसते का?"

मॅडमना आधी हसू फुटलं. मग त्यांनी पान उलटून दाखवलं. आठही उत्तरं घाईघाईत अर्धीमुर्धी लिहिलेली होती आणि शेवटचा मोठ्या गुणांचा भाग कोरा होता. तीनही वेळा हेच झालं असणार, हे गोपिकाला त्या कोऱ्या पानाकडे बघता बघता कळलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिने हे वसंतभाऊंना सांगितलं. वसंतभाऊ म्हणजे तिथले सगळ्यात जुने सेल्समन. गोपिका नवी असताना त्यांनीच तिला गादीवर बसवून धंदा शिकवला होता. गिऱ्हाइकाने विचारलं आणि आपण दाखवलं नाही, असं होऊ द्यायचं नाही. साड्या उलगडत राहायचं. आपला हात थांबला की गिऱ्हाईक उठलंच.

"म्हणजे तुले नापास मीच केलं म्हण ना," वसंतभाऊ म्हणाले.

"तसंच समजा."

"अवं पण ते अर्धंच शिकली तू. सांग, लग्नाचा बस्ता घ्यायले किती बाया येतात?"

"आठ-दहा तरी येतात."

"अन् पसंत कोण करते?"

"एखादीच. कधी सासू, कधी आत्या."

"मंग मी साडी कोणाकडे पाहून काढतो? सगळ्यांपुढं ढीग घालते तो नवा माणूस. जुना माणूस आधी पाहते, मंग काढते. इतकी वर्षं बाजूले बसून काय पाहिलं तू? माह्या टकलाकडे पाहून राहिली होती का?"

सगळं दुकान हसलं. आणि वसंतभाऊंनी तिथल्या तिथे फर्मान काढलं, की आजपासून गोपिका एका गिऱ्हाइकाला पाचच साड्या दाखवणार. सहावी उलगडली की त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा तिच्याकडून.

पहिला आठवडा दुकानाने गोपिकाचा चहा मजेत प्यायला. सहाव्या साडीकडे हात आपोआप जायचा. "गोपिका, आलं घालून सांग वं," असा कोणीतरी लगेच आवाज द्यायचा. मग हळूहळू तिला सवय लागली. गिऱ्हाईक बसलं की ती आधी विचारायची, कोणासाठी, कोणत्या कामासाठी. नजर कुठे अडते ते बघायची. मगच कपाटाकडे वळायची.

एप्रिलमध्ये कन्हानहून एक बाई सुनेसाठी साडी घ्यायला आल्या. गोपिकाने पाच काढल्या. बाईंनी पाचही चाळल्या आणि मान वर करून विचारलं, "अजून नाही का काही?"

पलीकडून वसंतभाऊ मान तिरकी करून बघत होते. गोपिकाच्या तळहाताला खाज सुटली.

"आहे ना ताई, कपाटं भरून आहे. पण तुमचा हात या जांभळीवरून उठूनच नाही राहिला."

बाईंनी आपल्या हाताकडे पाहिलं आणि त्या खळखळून हसल्या. जांभळी त्यांनी घेतली, वर स्वतःसाठी एक घेतली. त्या गेल्यावर वसंतभाऊ ओरडले, "आज चहा माह्याकडून!"

परीक्षा मेमध्ये, ऐन लग्नसराईत आणि ऐन उन्हात आली. डोक्याला ओढणी गुंडाळून गोपिका केंद्रावर पोचली. पेपर हातात आला. 'कोणतेही पाच.' पेन खाली ठेवून तिने आठही प्रश्न गिऱ्हाइकासारखे न्याहाळले. आणि चौथ्या प्रश्नापाशी ती अडकली.

काही वस्तूंची किंमत वाढल्यावर त्यांची मागणीही वाढते. कारणे लिहा.

अरे देवा! हे तर तिच्या डोळ्यांदेखत घडलेलं होतं. मोरपंखी काठाच्या काही साड्या दुकानात आख्खा हंगाम पडून होत्या. शेठनी वैतागून त्या काचेच्या कपाटात लावल्या आणि भाव चढवला. महिन्याभरात एकही उरली नाही. तेव्हापासून गोपिका याचं कारण सगळ्यांना विचारत होती. या एका प्रश्नावर ती पुरवणीवर पुरवणी भरू शकली असती.

आणि शेवटचा भाग पुन्हा कोरा राहिला असता. पुस्तकातलं नेमकं उत्तर तिला या एकाच प्रश्नाचं नीट आठवत नव्हतं. होती ती आपल्या दुकानातली गोष्ट.

तिने चौथ्या प्रश्नापुढे पेन्सिलीने बारीकशी फुली मारली. मनात म्हणाली, माफ करा ताई, तुमच्या पसंतीचं आमच्याकडे नाही. पंधरा वर्षांत गोपिकाने परत पाठवलेलं हे पहिलं गिऱ्हाईक.

मग तिने पाच प्रश्न लिहिले, नीट, आकृत्या काढून, मुद्दे पाडून. शेवटचा भाग सुरू केला आणि चक्क पुरा केला. घड्याळात थोडा वेळ उरला होता. उत्तरपत्रिकेत कोरी पानं होती. चौथा प्रश्न तिच्याकडे बघत होता. तिचं पेन उचललं गेलं, टोपण निघालं. तिने टोपण पुन्हा लावलं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून ती घंटा होईपर्यंत तशीच बसून राहिली.

जूनमध्ये भरदुपारी दुकानात श्वेता मॅडमचा फोन आला. "ताई, सुटला! आणि नुसता सुटला नाही, एकाहत्तर!"

गोपिकाच्या मांडीवर अर्धी उलगडलेली साडी होती. ती तशीच धरून गोपिका उभी राहिली. वसंतभाऊंनी तिचा चेहरा पाहिला आणि ते गादीवर उभं राहून ओरडले, "पोरगी बारावी पास झाली गा!" समोर बसलेल्या अनोळखी बायांनीही टाळ्या वाजवल्या. शेठनी दुकानाला पुरतील इतक्या कोथिंबिरीच्या सांभारवड्या मागवल्या आणि ते मुलाला सगळ्यांसमोर म्हणाले, "वरच्या मजल्यावर नाव लिही. गोपिका चरडे, बारावी पास." संध्याकाळी सुशील मोटरसायकल घेऊन न्यायला आला, तेव्हा रस्त्यातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसापाशी तो गाडी थांबवत होता. पहिल्यांदाच गोपिकाने त्याला, लवकर चला, असं म्हटलं नाही.

रविवारी ती पेढे घेऊन केंद्रावर गेली. मॅडमनी तिला मिठीच मारली. पेढा खाऊन झाला तरी गोपिका काही उठेना.

"मॅडम, तो चौथा प्रश्न."

"ताई, पास झालात तुम्ही! आता सोडा की त्याला."

"पेपरात सोडला ना. आता तरी सांगा."

मॅडम म्हणाल्या, "महाग वस्तू लोकांना भारी वाटते. चार जणांत मिरवता येते, म्हणून मागणी वाढते."

गोपिकाने मान हलवली. "ते पुस्तकात आहे. पण मॅडम, एका बाईनं ती मोरपंखी आधी स्वस्तात हातात घेऊन परत ठेवली होती. मंग पुन्हा आली, चढ्या भावानं तीच घेतली. अन् मले म्हणे, बरं झालं मी तेव्हा घेतली नाही. मिरवणार कोणापुढं, एकटीच राहते ती. तरी जास्तीचे पैसे देऊन इतकी खूश होती, इतकी खूश. सांगा ना, काहून?"