उद्या विचारणे

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी पावणेआठ वाजता माझे वडील गेले. त्याच आठवड्यात शुक्रवारी रूथचा फोन आला.

या फोरमवरचे भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे, लिहिते आज पहिल्यांदा. मी पब्लिक लायब्ररीत कॅटलॉगिंग करते. पुस्तकावर जे छापलंय तेच नोंदवायचं, अंदाजाने काही भरायचं नाही — हे माझं काम, आणि स्वभावही तसाच. असे अनुभव मी करमणूक म्हणून वाचायचे. त्यातलं खरं काही मानत नव्हते. आता काय मानते ते मला नीट सांगता येणार नाही. जे झालं ते क्रमाने लिहिते.

आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो — मी, माझा नवरा अजित आणि सोळा वर्षांची मुलगी ऋचा. आई गेल्यावर नाना, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे राहायला आले. कराडजवळच्या एका हायस्कूलमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं क्लार्क म्हणून नोकरी केली. शाळेचं जनरल रजिस्टर त्यांच्या ताब्यात असायचं. जूनमध्ये नवी मुलं त्यांच्या टेबलासमोर रांग लावायची आणि नाना मान वर न करता म्हणायचे, "पूर्ण नाव सांग." एखाद्याने नुसतं नाव आणि आडनाव सांगितलं की विचारायचे, "आणि बाप? त्याला घरी ठेवून आलास?"

आमच्या घरापासून वीस मिनिटांवर एक छोटा मेमोरियल हॉल आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या एका नाझी छळछावणीत मेलेल्यांच्या स्मरणार्थ इथल्याच काही कुटुंबांनी तो उभा केला. दर एप्रिलमध्ये तिथे नावं मोठ्याने वाचतात. बाकी काही नाही, फक्त नावं. छावणीत आणलेल्यांच्या टाइप केलेल्या याद्यांचे स्कॅन आहेत, ते व्हॉलंटियर घरी बसून कॉम्प्युटरवर उतरवतात. मीही थोडं करायचे. नोव्हेंबरमध्ये बर्फ पडायला लागल्यावर नानांचं फिरणं बंद झालं, आणि एक दिवस माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत ते म्हणाले, "हे मी करतो. हे क्लार्कचं काम आहे, तुला जमायचं नाही."

हॉलचं काम रूथ बघते. सत्तरीच्या पुढची, रिटायर्ड शिक्षिका. ती नानांना शिकवायला घरी आली. (ती अर्थात इंग्लिशमध्ये बोलते, मी मराठीत लिहिते आहे.) यादीत आडनाव, नाव, जन्मतारीख, गाव आणि धंदा एवढंच होतं. नानांनी भिंग धरून पहिलं पान दोनदा बघितलं.

"बापाचं नाव कुठाय?"

मी रूथला विचारून सांगितलं — या छावणीच्या याद्यांवर ते नाहीच, त्यांनी लिहूनच घेतलं नाही.

"हा कसला क्लार्क!" नाना म्हणाले. मग थोडं थांबून, "पूर्ण नाव न विचारताच आत घेतली माणसं..."

रूथने अर्थ विचारला, मी सांगितला. ती हसली नाही. नानांनाच अवघडल्यासारखं झालं असावं, कारण ते म्हणाले, "रूथबाईंना सांग, तुमच्या अमेरिकेत तरी काय वेगळं? बापाचा एक इनिशियल लावता नि मोकळे होता." यावर मात्र ती हसली.

नानांनी बेसमेंटमध्ये टेबल लावलं. टेबलासमोर ऋचाची लहानपणची निळी लाकडी खुर्ची आणून ठेवली. ऋचाने विचारलं, "आजोबा, हू इज दॅट फॉर?" तर म्हणाले, "कोणी आलं तर बसायला नको?"

मी घरून काम करायचे त्या दिवशी दुपारी जिन्यातून त्यांचा आवाज वर यायचा. "पूर्ण नाव सांग." मग शांत. "वडिलांचं?" पुन्हा शांत. "बरं. जा आता." मग कीबोर्डची टकटक. माणूस एकटा पडला की स्वतःशी बोलतो, त्यात मला काही विशेष वाटलं नाही. जानेवारीत एकदा बर्फामुळे लायब्ररी बंद होती. मी जिन्यातून हाक मारली, "नाना, चहा!"

"थांब गं. अजून तिघं आहेत."

तीन ओळी राहिल्या असतील असं मी समजले. चहा झाकून ठेवला.

आता रूथचा तो फोन. आधी तिने नानांबद्दल दुःख व्यक्त केलं, ते मनापासून होतं. मग म्हणाली, "मेधा, हे आत्ता विचारणं बरं नाही, पण विचारावं लागतंय. तुझ्या वडिलांनी मिडल नेमचा कॉलम भरलाय. शेवटची सोडून प्रत्येक ओळीत. ही नावं त्यांनी कुठून आणली?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"हे असं काही घडलंच नाही म्हणणारे लोक आहेत, तुला ठाऊक आहे. ते एका खोट्या ओळीची वाट बघत बसलेले असतात. एक सापडली की बाकी सगळ्या खऱ्यांनाही खोटं म्हणतात." ती पुढे म्हणाली, "तो कॉलम काढावा लागेल. नाहीतर ही संपूर्ण यादी या एप्रिलमध्ये वाचता येणार नाही."

चारशेच्या आसपास माणसं होती त्या यादीत. माझ्या वडिलांमुळे त्यांची नावं वाचली जाणार नव्हती. आणि वडील म्हणजे ज्यांनी आयुष्यात रजिस्टरमध्ये एक खाडाखोड केली नाही, ते.

त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला होता का, हे मला आधी कळायला हवं होतं. मी ऋचाला विचारलं, "आजोबा खाली कोणाशी बोलायचे गं?"

"हिज स्टुडंट्स, नो? आय थॉट ही वॉज टीचिंग ऑनलाइन."

"तुला कोणी सांगितलं?"

"नोबडी. आय हर्ड देम." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आय मीन, हिम. आय हर्ड हिम." आणि खोलीत निघून गेली. तेव्हापासून ती बेसमेंटमध्ये जात नाही. कपडे धुवायचे असले की अजितला पाठवते.

रविवारी मी तो कॉलम डिलीट केला आणि फाइल रूथला पाठवली. मग नानांचं टेबल आवरायला घेतलं. खणात एक लांब वही होती. तांबड्या शाईने आखलेली, शाळेच्या जनरल रजिस्टरसारखी. अनुक्रमांक, संपूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, दाखल झाल्याची तारीख. शेवटचा रकाना — शाळा सोडल्याचे कारण. संपूर्ण नावात आधी मुलाचं, मग वडिलांचं, मग आडनाव, सगळं त्यांच्या उभट देवनागरी अक्षरात. पन्नाशीची माणसंही तशीच लिहिलेली, मुलांसारखी.

कारणाचा रकाना सगळीकडे कोरा होता. हे मला खटकलं. लिहायला काही नसलं तर आडवी रेघ मारावी, जागा मोकळी सोडू नये, असं नाना आम्हालाही सांगायचे. इथे एकही रेघ नव्हती.

शेवटची नोंद सोमवारची. ते गेले त्याच्या आदल्या दिवशीची. लेया नावाची मुलगी, वय सात. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये जागा सोडलेली, आणि तिथे पेन्सिलने बारीक लिहिलेलं — उद्या विचारणे.

मार्चच्या मध्यावर रूथचा पुन्हा फोन आला. श्रूजबरीहून एका वृद्ध गृहस्थांनी तिला पाकीट पाठवलं होतं. त्यांच्या आईची दोन भावंडं त्या छावणीत गेली होती. त्यांच्या जन्मनोंदीच्या प्रती घर आवरताना सापडल्या म्हणून पाठवल्या. "तुझ्या वडिलांनी काय लिहिलं होतं ते मला बघायचंय," रूथ म्हणाली. "कॉलम तर आपण काढून टाकला."

"माझ्याकडे वही आहे. तू नाव सांग, मी वाचते."

"ब्रोनिया."

मी पान शोधलं. "ब्रोनिया. वडील आयझॅक."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला.

"रूथ?"

"दुसरं वाच. शिमॉन."

"तेच. आयझॅक."

दोन्ही जन्मनोंदींवर वडिलांचं नाव तेच होतं. पाकिटावर पोस्टाचा शिक्का नाना गेल्यानंतरचा होता. त्याआधी ते कागद श्रूजबरीच्या एका माळ्यावर होते.

रूथने आणखी काही कुटुंबांना पत्रं लिहिली. दोघांची उत्तरं आली. एक जुळलं, एक नाही. ओहायोतल्या एका बाईंनी कळवलं की त्यांच्या मावशीच्या वडिलांचं नाव योसेफ. वहीत होतं मेंडेल. रूथचा आवाज त्या दिवशी जवळजवळ आनंदी होता. "चुकलं बघ. म्हणजे अंदाजच होते ते." मलाही हायसं वाटलं. माझे वडील खोटे ठरले म्हणून मला हायसं वाटलं, हेही इथे लिहून ठेवते.

दहा दिवसांनी त्या बाईंचा रूथला परत फोन आला. त्यांनी आईची जुनी कागदपत्रं काढून बघितली होती. योसेफ हे आजीचे दुसरे पती. मावशी पहिल्या लग्नातली. पहिल्या पतीचं नाव मेंडेल.

एप्रिल आला. ज्या चौघांचे कागद मिळाले त्यांची नावं वडिलांच्या नावासकट वाचायची, बाकीची यादीत आहेत तशी, असं रूथने ठरवलं. मीही तसंच ठरवलं असतं. नानांची यादी वाचायला तिने मला सांगितलं. वाचणाऱ्याने आधी स्वतःचं नाव सांगायचं असतं. लग्नानंतर माझ्या नावातून वडील गेले आणि अमेरिकेत आल्यावर तर मधलं नावच गेलं. त्या दिवशी मी माइकसमोर "मेधा वसंत" म्हटलं. मग वाचायला लागले.

हॉल शांत होता, पन्नास-साठ माणसं असतील. ब्रोनियाचं पूर्ण नाव वाचलं तेव्हा समोर रांगेतलं कोणीतरी पुढे सरकल्यासारखं वाटलं. शिमॉनला तसंच. उरलेल्या दोघांनाही. बाकीच्यांच्या वेळी कोणी सरकलं नाही. मी नाव वाचत होते आणि ते जागचे हलत नव्हते. मान वर करून बघायचं धाडस मला झालं नाही. लेया सगळ्यांत शेवटी होती. तिचंही मी यादीत होतं तसंच वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती निळी खुर्ची वर आणावी म्हणून मी बेसमेंटमध्ये गेले. पण नानांच्या खुर्चीवर बसले. वही उघडली. शेवटचं पान.

"पूर्ण नाव सांग," मी म्हटलं. मराठीतच. थोडं थांबले, मग नाना विचारायचे तसं विचारलं — "वडिलांचं?"

आवाज आला असं मी म्हणणार नाही. कोणी दिसलंही नाही. पण बसले तेव्हा ते नाव मला माहीत नव्हतं, आणि उठले तेव्हा होतं.

नानांच्या लॅपटॉपवर क्रिकेटचे स्कोअर आणि कराडच्या बातम्या याशिवाय काही सापडलं नाही. त्यांना धड इंग्लिश येत नव्हतं, जर्मन किंवा पोलिश तर नाहीच. योगायोग म्हणावा तर चारपैकी चार. रूथ या विषयावर माझ्याशी बोलत नाही. वहीची झेरॉक्स तिने कपाटात बंद करून ठेवली आहे. लेयाचं कोणीही नातेवाईक मागे राहिलेलं नाही. रूथने शोधून बघितलं. म्हणजे तिच्या वडिलांचं नाव बरोबर की चूक, हे सांगणारं कोणी नाही. ज्याला आधार नाही ते मी लिहीत नाही. आणि रूथ म्हणाली ती एक खोटी ओळ माझ्या हातची नको.

वही माझ्या टेबलावर आहे. खुर्ची अजून बेसमेंटमध्येच आहे. शेवटच्या ओळीतली जागा कोरी आहे. नाव मला माहीत आहे.