बारा बाटल्या

तिसगावच्या भागिरथीबाईंना शुगर होऊन नऊ वर्षं झाली होती. तपासणीच्या कागदावर मात्र त्यांच्या किडन्या एकोणीस वर्षांच्या पोरीसारख्या निघाल्या, आणि त्यांनी याचा आनंद मानावा अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

ऊसतोडीला निघण्याआधी टोळीतल्या बारा बायकांसाठी शाळेत शिबिर झालं. मांडव होता, बॅनर होता, बॅनरवर सहा हसरे पुढारी होते. लघवीसाठी बाटल्याही मिळाल्या. फक्त संडासाला कुलूप होतं आणि किल्ली सापडत नव्हती. शेवटी मोनिका, टोळीतली एकोणीस वर्षांची नवी सून, बाभळीआड जाऊन आली आणि तिनं बाराही बाटल्यांत थोडं थोडं वाटून टाकलं. बाराही जणी नॉर्मल.

उपकेंद्रातल्या दीपा सिस्टरनी कागद पाहिला. "नऊ वर्षांची शुगर, बीपी वाढलेलं, आणि लघवी इतकी चोख? मावशी, ही कुणाची?"

"आमच्या मोनिकाची." लपवायचं असं काही नव्हतं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

दीपानं कपाळाला हात लावला. "शुगरनं किडनीची चाळणी झिजते. लघवीतून प्रथिनं झिरपायला लागतात, पण दुखत काही नाही. आत्ता सापडलं तर गोळ्यांनी आवरता येतं. पाय सुजेपर्यंत थांबलात तर उशीर."

दारात मुकादम जालिंदर उभा होता. "उद्या ट्रक सुटनार हाय. रिपोर्ट नॉर्मल हाय की!"

"तो मोनिकाचा हाय. मग तिच्याच किडन्या बसवा मला."

भागिरथीबाई कोयता घेऊन शाळेत गेल्या. दोन घावांत संडासाचं कुलूप तुटलं. आत दोन-तीन वर्षांतल्या शिबिरांचे बॅनर नीट गुंडाळून ठेवले होते.

"बायकांला बाभळ, आन् बॅनरला खोली व्हय रं?" त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. एकेक पुढारी बाहेर भिरकावला गेला. मग त्यांनी दार लावून आपली बाटली भरली. बाकीच्या अकराजणी मागे रांगेत उभ्या होत्या, आणि बाराही जणींचे रिपोर्ट आल्याशिवाय जालिंदरचा ट्रक सुटणं शक्य नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. झिरपणं सुरू झालं होतं. थोडंच, पण झालं होतं. दीपानं गोळ्या दिल्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू म्हणाली आणि मुकादम वाटायचा त्या अंगदुखीच्या गोळ्या किडनीला घातक म्हणून बंद केल्या.

ट्रकमध्ये चढताना भागिरथीबाईंच्या पिशवीत ते तुटकं कुलूप होतं.

"हे कशाला?" जालिंदर म्हणाला.

"हितं ठिवलं तर दुरुस्त करून परत लावत्याल."