आधी ठेका

टेबलावर दोन बोटांनी ठेका धरायचा आणि म्हणायचं, "मीनिंग नंतर, आधी ठेका!" ही त्याची सवय.

अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसायचा. मूळचा मदुराईचा, पण आठ वर्षं पुण्यात काढलेली, त्यामुळे मराठी बोलायचा. "तुमचा भाषा फार गोड आहे," म्हणायचा, आणि आपली भाषा बिचारी निमूटपणे पुल्लिंगी व्हायची.

एका जुन्या तमिळ सिनेमातलं एकच गाणं तो दिवसभर गुणगुणायचा. सिनेमा कशावर आहे विचारलं, तर "फोर फ्रेंड्स, यार," एवढंच.

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्ही सहाजणांनी ते बसवलं. शब्द देवनागरीत लिहून घेतले. तालमीत तो माझ्याकडे बघून कानात बोटं घालायचा. गळा मला देवानं दिलेलाच नाही. तरी मी हात जोडून, डोळे मिटून असं काही गायलो की एका काकांनी शेवटी "मोरया!" म्हटलं. तिसऱ्या रांगेतली एक तमिळ बाई मात्र ओढणी तोंडात कोंबून हसत होती.

अर्थ तिनंच सांगितला. सिनेमा चार बेकार पोरांचा. गाण्यात ती म्हणतात, अर्ज देऊन चपला झिजल्या, साहेब म्हणतो उद्या या, उद्या गेलो तर साहेबच जाग्यावर नाही. मी कपाळाला हात लावला आणि त्याला गाठलं.

"अरे गाढवा, गणपतीपुढे बेकारांचं गाणं?"

"देवाकडे सगळे जॉबच मागतात. आपण डायरेक्ट मागितलं!"

देवानं ऐकलं ते उलटंच. हिवाळ्यात ऑफिसनं माणसं कमी केली. त्याला काम येत होतं, माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं, राहिलो मी. मला एकच चिंता पुरून उरली असती, त्याच्यापुढे दोन होत्या. व्हिसावर असल्यामुळे साठ दिवसांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. आणि मुलगी अकरावीत.

रोज इस्त्रीचा शर्ट घालून तो लायब्ररीत जाऊन बसायचा. शनिवारी मी कॉफी घेऊन जायचो. "काही कळलं का रे?" विचारलं की बोटं टेबलावर. "साहेब म्हणतो उद्या." मला हसू यायचं आणि लगेच स्वतःची लाज वाटायची.

एकदा न राहवून विचारलं, "सिनेमात शेवटी नोकरी लागते का?"

"माहीत नाही. मी शेवट कुठे बघितली? पुण्याच्या इंटरव्ह्यूचा गाडी होता. मध्येच उठलो."

"आणि?"

"जॉब लागला. मग कोण बेकार पोरांचा सिनेमा बघतो?"

साठावा दिवस आला. साहेब काही आला नाही. मुलीनं मैत्रिणींना मिठ्या मारल्या, त्यानं तांदळाचं अर्धं पोतं आमच्या दारात ठेवलं, आणि गेले. शेजारचं टेबल ऑफिसनं उचललंसुद्धा. मला फार एकटं वाटलं.

महिन्याभरानं मदुराईहून मेसेज आला. "शेवट बघितली. नोकरी लागते. चौघांत एकालाच."

"कोणाला?"

"जो बेसूर गातो, त्याला."

खरं सांगतोय की माझी खेचतोय, कोण जाणे. सिनेमा माझ्या फोनवर आहे, खाली इंग्रजी अर्थासकट. अजून उघडलेला नाही.