बोटभर खिडकी

आमच्या घरात आता पिंजरा नाही. पण पक्षी पाळणारा कुणी भेटला की मी त्याला थांबवून विचारतो, हिवाळ्यात खोली कशानं गरम करता? लोकांना वाटतं, मास्तरचं डोकं फिरलंय. वाटू दे. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि एवढं एक ज्ञान मला दोन जीव घालवून मिळालेलं आहे.

वडील गेल्यावर आईला गावाहून लोणखेड्याला आणलं. आणलं म्हणजे तिचं न ऐकता आणलं. गावी तिच्या अंगणात कोंबड्या होत्या, शेळी होती, दिवसभर हाकारे-पुकारे होते. इथं कॉलनीत कोंबड्या चालत नाहीत. पहिले दोन महिने ती दाराशी बसून राही आणि मी शाळेतून आलो की म्हणे, "भाऊ, माले गावले सोडी दे. आठे मन्हं मन लागत नही."

त्यावर मी तोडगा काढला. रडणाऱ्या पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तशी सुरतहून लव्हबर्डची जोडी आणली, हिरवा नर आणि निळी मादी. विसरवाडीला बस चहाला थांबली तेव्हा वारा लागू नये म्हणून खोक्याची भोकं मफलरनं बुजवली होती. शेजारच्या प्रवाशानं हटकलं म्हणून पुन्हा उघडली. माझी अक्कल तिथंच कळायला हवी होती.

आईला मात्र पाखरं लागली. बाजरी निवडून, धुऊन, वाळवून त्यांना घालायची. पिंजरा तिच्याच खोलीत टांगलेला. दिवसभर त्यांच्याशी अहिराणीत बोलायची. माझ्याशी बोलायला तिला अडचण व्हायची, कारण मी घरातही शाळेतलीच भाषा बोलतो. तिनं गावाचं नाव काढणं बंद केलं आणि मी सुटलो. हो, सुटलोच म्हणतो. दोन पाखरांच्या जिवावर माझं घर शांत झालं होतं.

मग थंडी आली. त्या वर्षी ती अशी पडली की लोकांनी पपईच्या बागांमधून झाडांना जुन्या साड्या गुंडाळल्या. पाखरं पिसं फुगवून बसायला लागली. आई म्हणाली, शेगडी पेटवू. निखारे अंगणात फुलवायचे, धूर गेला की मग आत आणायचे आणि खिडकी बोटभर उघडी ठेवायची, ही तिची रीत. मी शेगडीला साफ नाही म्हणालो. त्यात माझं चुकलं नव्हतं, बंद खोलीतला निखारा माणसालाही उठू देत नाही. पण एक गोष्ट बरोबर निघाली की माणसाला आपलं सगळंच बरोबर वाटायला लागतं.

शहाद्याहून हीटर आणला. दुकानदार म्हणाला, "सर, धूर नाही, ज्योत नाही. पक्षी कशाला, तान्हं बाळ ठेवा खोलीत." आतून काळा, गुळगुळीत, चकचकीत मुलामा होता. धूळसुद्धा चिकटत नाही म्हणून मी खूश. लावल्यावर बारीकसा वास आला. बायकोनं नाक मुरडलं, तर मी म्हणालो, नव्या वस्तूला वास असायचाच. आईनं खिडकी बोटभर उघडली. "जीवले वारा लागस," एवढंच म्हणाली.

सकाळी हिरवा पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला होता. खिडकीतून गार वारा येत होता. मला गुन्हेगार लगेच सापडला.

"रात्रभर खिडकी उघडी ठेवलीस. गारठून मेला तो," मी म्हणालो.

आईनं आधी खिडकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. पाखरू पदरात घेतलं आणि मागच्या कढीपत्त्याखाली पुरून आली. पायांची माती धुतली आणि निळीसमोर येऊन बसली.

त्या दिवशी मी शाळेतून येताना रुंद चिकटपट्टी आणली. खिडकीच्या फटीत वर्तमानपत्रं कोंबली, वरून पट्टी मारली. दाराखाली गोधडी सारली. पिंजरा उतरवून हीटरच्या जवळ ठेवला आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी पोरांना कितीदा सांगितली असेल.

तासाभरात निळीनं चोच उघडली. ती चोच उघडीच राहिली. एकेका श्वासाला शेपटी खालीवर होत होती.

"तिना दम कोंडाई ऱ्हायना," आई म्हणाली. "खिडकी उघाड भाऊ."

"थंडीनं कापतेय ती. ऊब लागली की होईल बरी."

आईनं माझ्याकडे पाहिलं, उठली आणि नखानं पट्टी उकरायला लागली. कोपरा थोडा सुटलासुद्धा. मी तिचा हात धरून बाजूला केला आणि म्हणालो, "एक मारलास, तेवढं पुरे नाही का झालं?"

दारात उभी असलेली बायको आत निघून गेली. आई खाटेवर बसली. सात वाजायच्या आत निळी काडीवरून खाली पडली.

दुसऱ्या दिवशी मिठाईच्या खोक्यात तिला घालून मी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. मेलेलं पाखरू घेऊन कुणी दवाखान्यात जातं का? पण खरं सांगतो, पक्षी थंडीनं मेले असं मला कुणाकडून तरी ऐकून घ्यायचं होतं. आईविरुद्ध साक्षीदार हवा होता. तिथली डॉक्टरीण तरुण होती, एका शेळीला सुई देत होती. माझं सगळं ऐकून तिनं विचारलं, "घरी नॉनस्टिक तवा जळला होता का?"

"नाही."

"हीटर नवा? आतून काळा गुळगुळीत?"

मी मान हलवली. ती म्हणाली, तव्याला असतो तसा लेप काही हीटरांनाही असतो. तो फार तापला की वायू सुटतो. माणसाला कळतही नाही, पण पक्ष्याचं फुप्फुस तो सोसत नाही. तपासणीशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही, पण तुम्ही सांगताय त्यावरून हे थंडीचं वाटत नाही. पिंजऱ्याला तीन बाजूंनी घोंगडी लावायची होती. हीटर घ्यायचाच तर तसा लेप नसलेला, कंपनीला विचारून घ्यायचा, आधी पक्ष्यांपासून लांब, उघड्यावर चालवून पाहायचा. आणि हवा खेळती ठेवायची.

"खिडकी उघडी असती तर दुसरी कदाचित वाचली असती," ती म्हणाली आणि शेळीकडे वळली.

श्वसनसंस्थेचा धडा मी दरवर्षी शिकवतो. घरी येईपर्यंत मला तो पहिल्या ओळीपासून आठवत होता.

आई मोरीत पाखरांची बाजरीची वाटी घासत होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि हीटरपासून डॉक्टरणीपर्यंत सगळं सांगितलं. शेवटी कित्येक वर्षांत तोंडात आली नव्हती ती भाषा आपसूक आली. "आई, तुन्ही चूक नही. मन्ही चूक शे."

तिनं वाटी उपडी घातली. "जाऊ दे भाऊ. तू शिकेल शे. माले काय समजस?"

ती टोमणा मारत असती तर मी सुटलो असतो. पण तिच्या आवाजात टोमणा नव्हता. शिकलेल्यालाच कळतं असं तिला खरंच वाटत होतं, आणि तिला तसं वाटायला लावणारा मीच होतो.

हीटर मी भंगारात दिला. पट्टी सोलून काढली, तिचे डाग खिडकीच्या चौकटीवर अजून आहेत. दुसरी जोडी आणू का म्हणून विचारलं, तर ती नको म्हणाली. गावाला सोड असंही आता म्हणत नाही.

मग मे महिना आला. शाळेला सुट्टी होती, मी भर दुपारी बाहेरून आलो तर आई त्या खोलीत घामानं निथळत बसलेली. खिडकी बंद. मला पाहून म्हणाली, "भाऊ, खिडकी जराखी उघाडू का?"

मी म्हणालो, "आई, हे विचारायचं असतं का?" आणि खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली.

दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा विचारलं. अजूनही विचारते. मी रोज हो म्हणतो, आणि मी हो म्हणेपर्यंत ती हात लावत नाही.